बिनकातड्याची हलगी

१

सकाळी दुकान उघडलं की लोक उदबत्ती लावतात, मी सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवतो. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांची रांग संपते तिथे माझं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारचे चिक्कीवाले माझ्यावर हसतात, हसू देत बापडे. देव आम्ही छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच गाठोड्यात बांधून पवनेत सोडले. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. भुतं म्हणाल तर ती त्याच पंगतीतली, त्याच गाठोड्यात गेली. मल्टिमीटरचा काटा हलला तर वस्तू आहे, नाही हलला तर नाही, एवढं साधं माझं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला अंगारेधुपारेवाला समजाल.

माझं लग्न होऊन चंपाला दिवस गेले त्या साली नथू माझ्या मागे लागला. नथू अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा, शनिवार-रविवार मुंबईकरांच्या हॉटेलात आपली वाजवणाऱ्यांची पार्टी घेऊन जायचा. त्याचा ड्रमवाला मुंबईला पळाला होता. "गोरख, तिकडं स्टुडिओत पेटी आलीय म्हणे. बटण फिरवलं की ठेका सुरू. रुसवा नाही, चहा नाही, उचल नाही. तू बनव की." मी म्हटलं, बनवतो, त्यात काय आकाशातले तारे आणायचेत.

ढोल विजेवर वाजवायचा म्हणजे काय ते सांगतो. एक सर्किट असं जुळवायचं की त्याला झटका दिला की ते थरथरतं आणि आपोआप विझतं. थरथर जाड ठेवली की 'धम्म', बारीक ठेवली की 'टक'. ताशाची चरचर हवी तर एखादा बाद ट्रान्झिस्टर घ्यायचा. तो नुसता फुसफुसत असतो, ती फुसफूस तुकडे करून सोडायची. मग डायोडांची जाळी विणायची, कुठला ठोका कधी पडायचा ते ती जाळी ठरवते. पुढे फिरवायचं बटण, त्यावर दादरा, केरवा, वॉल्ट्झ आणि चा-चा. पाचवं घर मी रिकामं ठेवलं होतं, नथूला पुढं काही सुचलं तर असावं म्हणून. त्या घराला वायर जोडलेली नव्हती.

त्या पेटीचा मला फार अभिमान होता, आणि तो नथूपायी नव्हता, आबांपायी होता. आबा म्हणजे माझे वडील. आधी उर्से गावाची हलगी त्यांच्या हातात होती. मेलं जनावर ओढायचं आम्ही, आणि त्याच्याच कातड्यावर गावाची कामं वाजवायची आम्ही. धम्म घेतला त्या वर्षी आबांनी हलगी चुलीत घातली, घुंगरांची काठी पवनेत फेकली आणि गावाला सांगितलं, हितून फुडं तुमचं तुमी वाजवा. त्यावर गावानं काय काय केलं ते इथं सांगत बसत नाही. आबांनी पुन्हा कशावर कधी बोटसुद्धा वाजवलं नाही, भजनात टाळीही नाही. मला त्यांना दाखवायचं होतं की हे बघा, कातड्याविना ढोल, यात कुणाचं मेलेलं काही नाही. यासाठी कुणी कुणाला वर्दी देऊन बोलवायला नको आणि कुणी बोलावलं म्हणून जायला नको.

२

श्रावणात लोणावळ्याचं धुकं दुकानात येऊन बसतं, गिऱ्हाइकासारखं उठायचं नाव घेत नाही. अशा एका दुपारी मी पेटी केरव्यावर चालू ठेवून एका रेडिओत डोकं घातलं होतं. जरा वेळानं लक्षात आलं की केरवा थांबलाय आणि दुसरंच काही वाजतंय. दोन ठोके जवळजवळ, मग एक लांब. मग इतकी मोठी गप्प जागा, की संपलं असं वाटावं. मग पुन्हा दोन आणि एक.

बटण पाचव्या घरावर होतं. माझ्याच कोपराचा धक्का लागला असेल. पण त्या घराला वायर नव्हती, मग वाजतंय कशानं? मी स्वतःला म्हटलं, गळती असणार, दमट हवेत एका घरातला करंट दुसऱ्यात झिरपतो. मात्र आवाज माझा नव्हता. माझा 'धम्म' मला माहीत आहे, 'टक'ही माहीत आहे. हा सैल, ओला, थोडा फाटका आवाज होता. मी तापलेलं सोल्डरिंग आयर्न पेटीजवळ आणलं तसा तो चढला, ताठ झाला, खणखणीत बोलू लागला. उष्णतेनं ट्रान्झिस्टर बदलतात हे पुस्तकात आहे. मी बटण फिरवून दादरा लावून पाहिला, तो अजिबात बदलला नव्हता. पाचव्यावर आलो की पुन्हा तेच, चढलेलं.

तेवढ्यात नथू आला. "हे काय रडगाणं लावलंस? हॉटेलात नाचायला येतात माणसं," म्हणाला, आणि पान थुंकायला दाराबाहेर गेला. तो उंबऱ्याबाहेर पडला आणि पेटी थांबली.

आत आला तेव्हा त्याचा चेहरा जरा गोंधळलेला होता. "बाहेर कोण उभा होता रे? धुक्यात नीट दिसला नाही. काठीवाला कुणीतरी."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पाणी नगं. अरे, मी कुठं विचारलं होतं पाणी? मग काहीतरी पुटपुटला आणि गेला."

संध्याकाळी पवनानगरहून जीपवाल्याकडून निरोप आला की नथूची आई दुपारी गेली. म्हातारी वर्षभर अंथरुणावर होती, कधीतरी जायचीच होती. मी तसंच म्हटलं, आणि तसंच मानलं.

३

आबा दर बाजाराच्या दिवशी उर्श्याहून यायचे. चहा प्यायचे, दुकानातल्या स्टुलावर बसून माझं काम बघायचे आणि संध्याकाळी परत जायचे. बोलणं कमीच. त्या दिवशी मी मुद्दाम पेटी पुढ्यात ठेवली. केरवा ऐकवला, दादरा ऐकवला. आबा मान हलवत होते, ओठांच्या कोपऱ्यात हसतही होते. मला कोण आनंद झाला. त्या भरात मी बटण पाचव्यावर नेलं, म्हटलं, यातली गंमत बघा.

आबांचं हसू गेलं. "शेकलीस व्हय?"

"काय शेकली?"

"हलगी. शेकल्याबिगर अशी चढत न्हाई ती."

"आबा, यात हलगी नाही. कातडंच नाही. हे बघा." मी झाकण काढून दाखवलं. ते आत बघायला वाकले नाहीत, दाराकडे बघत राहिले.

"ही वाजत असताना भाईर कोन गेलतं?"

मी नथूचं सगळं सांगितलं. आबांनी पेटीचा प्लग स्वतःच्या हातानं ओढला. मग स्टुलावर बसून, माझ्या तोंडाकडे न बघता, कधी न सांगितलेलं सांगितलं.

"मयताची खबर परगावी न्यायचं काम आपल्याकडं व्हतं. ज्याची खबर त्याच्या घराम्होरं उभं ऱ्हायचं. आत जायाचं न्हाई, नाव घिऊन हाक मारायची न्हाई. ह्योच ठेका धरायचा, दोन आन् येक. घरचं मानूस उंबऱ्याभाईर आलं की हात थांबवायचा. मग खबर त्येची. तवर आपली."

"आणि ते पाणी नको?"

"ते आपुनच आदी म्हनायचं. म्हंजी त्यास्नी न्हाई म्हनायची पाळी येत न्हाई." आबांनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं.

"आणि कुणी बाहेर आलंच नाही तर?"

"तर उभं ऱ्हायचं. येकदा घाटाकडच्या गावी दिसभर कुनी आलं न्हाई. त्यास्नी वळखू आलं व्हतं काय खबर हाय ती. जवर घेत न्हाई तवर मानूस जित्तं, असं त्यांचं. मी उन्हात उभा. सांजच्याला फुडच्या गावचा आपलाच येक गडी आला, त्यानं माझ्या हातची काठी घेतली. काठी घेतली की खबर बी त्येची. तवा कुटं मी घरला आलो."

मी म्हटलं, लहानपणी मी हा ठेका ऐकला असेल, हातात राहिला असेल, नकळत जाळीत विणला गेला असेल.

"न्हाई," आबा म्हणाले. "ह्यो आपल्या गावात कदी वाजत न्हाई. परगावीच वाजतो त्यो. तू कुटनं ऐकनार? मोडून टाक ती पेटी."

मी मोडली नाही. मला राग आला होता. जे काम माझ्या बापानं लाथेनं उडवलं ते माझ्या सर्किटात येऊन बसणार, आणि मी घाबरून ते सर्किट मोडणार? मी फक्त स्पीकर काढला, दोन्ही वायरी कापून वरच्या फळीवर ठेवला. तोंड नसेल तर बोलेल कशानं, असा माझा विचार.

४

चंपा बाळंतपणाला शिरगावला माहेरी गेली होती. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, पोर आडवं आहे, कळा आल्या की तडक घेऊन या, वेळ काढू नका. चंपाच्या जिवाला धोका आहे असं त्या स्पष्ट बोलल्या होत्या. मी तोंडानं 'होईल सगळं नीट' म्हणायचो आणि आतून पार खचलेलो असायचो. हातातलं सोल्डर नीट लागायचं नाही.

एका दुपारी आबा बाजाराचा दिवस नसताना आले. दारातूनच म्हणाले, "गोरख, चंपीला कळा सुरू झाल्यात. तळेगावला नेलीया. चल."

मी शर्ट बदलला, आयर्नचा प्लग काढला, मेन स्विच पाडला. दुकान गप्प झालं. बाहेर धुकं इतकं दाट, की समोरचं चिक्कीचं दुकानही दिसत नव्हतं.

आणि फळीवर ठेका सुरू झाला. दोन आणि एक.

वीज नव्हती. पेटी खाली टेबलावर, वायर गुंडाळून ठेवलेली. आवाज वरून, कापलेल्या स्पीकरमधून येत होता, त्याचा कागदाचा कोन आत-बाहेर होत होता. मी स्टुलावर चढलो. अजूनही मी कारण शोधत होतो, खोटं कशाला सांगू. रेल्वेच्या यार्डात इंजिन असेल, फळी हादरत असेल. मी कोनाला बोट लावलं. तो कागद नव्हता. ताणलेलं होतं, गरम होतं आणि त्यावर बारीक लव होती.

मी खाली उतरलो. दाराबाहेर, पायरीशी, धुक्यात कुणीतरी उभं होतं. काठी टेकवल्यावर घुंगरं एकदा वाजतात तशी वाजली.

"चंपा," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

आबांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. "तू भाईर जायाचं न्हाई. काय बी झालं तरी."

"मग तो उभाच राहील."

"ऱ्हाऊ दे म्हनलो असतो. पर त्यो तळेगावला जाईल आन् चंपीच्या आईम्होरं उभा ऱ्हाईल. ती येडी भाईर यील." आबांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि काउंटरखाली सरकवल्या. "मी खबर घ्यायला न्हाई चाललो. त्येनं तोंड उघडायच्या आत काठी धरनार."

"आबा, तुम्ही सोडलंय ते काम. सगळ्या गावासमोर सोडलंय."

"गावासाठी सोडलं. ह्ये गावासाठी न्हाई." मग दारापाशी जाऊन थांबले, मागं न वळता म्हणाले, "खबर माझ्याकडं आली की मी कुनाच्या दारात थांबनार न्हाई. चालतच ऱ्हाईन. पर कदी ह्या दाराशी आलोच, तर भाईर यायाचं न्हाई. मी हाक मारली तरी न्हाई."

५

मी दाराच्या काचेला नाक लावून उभा होतो. काच धुक्यानं पांढरी, बोटानं पुसली तेवढंच दिसत होतं. आबांची पाठ दिसली. त्यांनी डावा हात कानावर दाबला होता आणि उजवा पुढं केला होता. काठीचं टोक दिसलं. ती ओली होती, शेवाळलेली, नदीच्या तळातून आताच काढल्यासारखी. घुंगरं लावलेली, आबांनी पवनेत फेकली होती तशीच.

काठी आबांच्या हातात आली. ज्यानं ती दिली त्याचा मला फक्त हात दिसला. तो रिकामा झाला तरी तिथंच राहिला आणि त्याची बोटं हवेत दोन आणि एक, दोन आणि एक करत होती. मग हळूहळू थांबली. फळीवरचा स्पीकर थांबला. हात धुक्यात गेला.

आबांचा मोकळा हात त्यांच्या मांडीवर आला. बोटं हलू लागली. एवढी वर्षं ज्या माणसानं कशावर बोट वाजवलं नव्हतं तो वाजवत होता. आबा घाटाच्या बाजूला, तळेगावच्या उलट दिशेला, चालू लागले. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती की नाही, ते मला आजही कळत नाही.

६

तळेगावला पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर येत होत्या. म्हणाल्या, पोर ऐन वेळी आपलं आपण फिरलं, असं क्वचित होतं. मुलगी झाली होती आणि चंपा शुद्धीवर होती, हसत होती. तिनं पहिलं विचारलं, "आबा कुठायत?"

आबा घरी आले नाहीत. उर्से, शिरगाव, कामशेत, सगळं पालथं घातलं. पोलीस म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना कधी कधी चकवा लागतो. मीही लोकांना तेच सांगतो. पण अधूनमधून कुणी तरी येऊन सांगतं, वळवणला एक म्हातारा दिसला, अनवाणी, काठी घेऊन, तुझ्या आबांसारखा. थांबवलं तर थांबत नाही. पाणी नगं म्हणतो.

चंपाला मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "तुम्ही म्हणता तसं करू." दुकानाचं पुढचं दार मी आतून बंद केलं. गिऱ्हाइकं खिडकीतून रेडिओ देतात, खिडकीतून नेतात. आम्ही मागच्या बोळातून ये-जा करतो. बाजारात मला चक्रम म्हणतात. नथूनं पेटी मागितली नाही, तो पुन्हा दुकानातच आला नाही.

पेटी आणि स्पीकर मात्र मी टाकले नाहीत. कधी कधी दुपारी स्पीकरचा कोन थोडासा थरथरतो, दूर कुठं तरी दोन आणि एक. मग मी हातातलं काम ठेवतो. आबा जवळपासच्या कुठल्या तरी रस्त्यानं जात असतात. ऐकू येतंय तोवर ते चालतायत, कुठं थांबलेले नाहीत, आणि चंपाची खबर अजून त्यांच्याकडंच आहे. मग आवाज विरतो आणि मी पुन्हा आयर्न हातात घेतो. आबांच्या वहाणा काउंटरखाली आहेत, चंपा त्यांना तेल लावते.

७

मुलीचं नाव यशोधरा, आम्ही यशू म्हणतो. आता दुडुदुडु धावते, सगळं बोलते. खिडकीशी आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं काम तिनं स्वतःच उचललंय. कुणी दमलेला दिसला की पितळी फुलपात्र भरून घेऊन येते, अर्धं वाटेतच सांडते. चंपानं शिकवलंय, आपल्याकडं आलेल्या कुणालाही पाणी विचारायचं, तो कोण का असेना.

आज वैशाखी पौर्णिमा. सकाळी चंपानं दुकान धुतलं. फरशी वाळावी म्हणून तिनं पुढचं दार उघडं ठेवलं. मी बघितलं, बोललो नाही. एवढ्या वर्षांत काही झालं नव्हतं. ऊन इतकं कडक होतं की रस्ता पांढरा दिसत होता. चंपा मागच्या बोळात चादरी वाळत घालत होती. मी एका मुंबईकराचा टेपरेकॉर्डर उघडून बसलो होतो.

ठेका सुरू झाला तो दूरचा नव्हता. कडक उन्हात शेकलेला, चढलेला, इतका जवळ की फळीवरच्या बरण्या किणकिणल्या. मी मान वर केली.

पायरीशी आबा उभे होते. पाय भेगांनी फुटलेले, धोतर धुळीनं मातीच्या रंगाचं झालेलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालू होती. ती त्यांच्या ताब्यात नव्हती हे मला दिसत होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते, उंबऱ्याकडं बघत होते.

"गोरख," आबा म्हणाले. "लय दमलो रे."

माझा बाप उन्हात उभा होता, आणि मी सावलीत, माठाशेजारी.

"भाईर येऊ नगंस," तेच पुन्हा म्हणाले. "थोडं उभा ऱ्हातो. जातो मंग."

मी दोन्ही हातांनी काउंटर धरून ठेवला. उठलो असतो तर गेलोच असतो, म्हणून बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात सोडला नाही. मनात एकच चाललं होतं, आता जातील, थोडा वेळ उभे राहतील आणि जातील.

मग माठाचं झाकण वाजलं.

यशू माझ्या कोपराजवळून गेली तेव्हा मला फक्त तिच्या फ्रॉकचा रंग दिसला. फुलपात्र दोन्ही हातांत धरलेलं, जीभ दातांत, सगळं लक्ष पाणी सांडू नये याच्यावर. मी टेबल ढकललं, टेपरेकॉर्डर खाली पडला. मी तिला मागून धरलं, घट्ट धरलं, फुलपात्र फरशीवर गेलं.

आबांनी काठीचा हात तोंडावर दाबून धरला होता, तरी शब्द बाहेर आले.

"पानी नगं, बाळा."

ती काही बोललीच नव्हती.

मी खाली बघितलं. मी तिला धरलं होतं खरं, पण तिचा एक पाय उंबऱ्याच्या पलीकडे, तापलेल्या पायरीवर टेकला होता.

आणि पेटी थांबली.